लॉस्ट, मिसिंग आणि तुझ्या नावापुढचा शेरा

विमलमावशी, खरकट्याच्या ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घातलास तो तू. मॅनेजर साहेबांनी नाही, वेटर लोकांनी नाही, ज्यांची वस्तू होती त्यांनी तर नाहीच, आणि मीही नाही. हे आधी लिहून ठेवते, काय घडलं ते नंतर. कारण तू गेल्यापासूनच्या या सोळा-सतरा दिवसांत तुझ्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं, पण हे एवढं कुणी बोललं नाही. "प्रेमळ होत्या," म्हणाले. "हसतमुख होत्या," म्हणाले. हसतमुख! तू मॅनेजर साहेबांकडे बघून एकदा तरी हसल्याचं मला आठवत नाही.

दुसरी गोष्टही आत्ताच लिहिते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. तो कागद ड्रममध्ये मी टाकला होता. तुला ते माहीत होतं. तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही, आणि तू गेलीस.

मला लिहायची सवय नाही. सातवीत शाळा सुटली. पुढे लग्न झालं, तेही सुटलं. लेक हिंगोलीकडे माझ्या आईपाशी, आणि मी इथे खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या रिसॉर्टमध्ये लोकांच्या चादरी बदलायला. आले तेव्हा इथे मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. तू दहिवलीहून शेअर रिक्षाने यायचीस आणि उतरल्या उतरल्या ड्रायव्हरशी भांडायचीस. भांडी घासायचं काम तुझं. मी तुला 'तुम्ही' म्हणाले तर खेकसलीस, "तुमी तुमी काय लावलंस गं? मी काय म्यानेजर हाय? मावशी बोल, नि तू बोल." माझं नाव तू कधी विचारलं नाहीस. गाव विचारलंस, आणि तेच माझं नाव केलंस. "ए हिंगोली, इकडं ये."

पहिल्याच दुपारी तू डबा उघडलास. तांदळाची भाकरी आणि सुकट. आमच्याकडे वाळवलेली मासळी कुणी जन्मात बघितलेली नसते. पदर नाकाला लावून मी उठले आणि लांब नळापाशी जाऊन बसले. किती वाईट वागले मी, माय! तू मागून ओरडलीस, "वास आमच्या सुकटीलाच येतो का गं? नि तो ड्रम काय अत्तराचा हाय?"

तो ड्रम. निळा, प्लास्टिकचा, माझ्या छातीला लागेल एवढा. रविवारी दुपारी तीनपर्यंत काठोकाठ. पनीर, बिर्याणी, चघळलेली हाडं, अर्धवट चावलेले गुलाबजाम, वर वितळलेल्या आइस्क्रीमचा चिकट थर, त्यात विझवलेल्या सिगारेटी, आणि लेकरांनी ओकलेलं पुसून टाकलेले कागद. संध्याकाळी टेंपो येऊन न्यायचा तोवर माश्या नुसत्या घोंगावत असायच्या. आमच्याकडे ताटात भाताचं शीत राहिलं तर लेकराच्या पाठीत धपाटा बसतो. इथे माणसं ताटाचा डोंगर करतात, दोन घास खातात, आणि त्याच डोंगरात सिगारेट खुपसून उठतात. सुकट मी सहा महिन्यांत खायला लागले. ड्रमाची सवय मात्र तीन वर्षांत झाली नाही. आजही झाकण उघडलं की मी तोंड फिरवते, आणि आता तर त्या वासातच तू आहेस.

आपली खरी ओळख टॉवेलांनी करून दिली. चार नंबरच्या खोलीतून दोन टॉवेल गायब झाले होते आणि आमची वही इंग्रजीत लिहायची असते. मी होती नव्हती ती विद्या काढून लिहिलं, "आय ॲम लॉस्ट टू टॉवेल." दुसऱ्या दिवशी हजेरीला मॅनेजर साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. "ऐका! ही बाई स्वतःच हरवली आहे, आणि सोबत दोन टॉवेल घेऊन हरवली आहे!" सगळे हसले. पुढे आठवडाभर वेटर विचारत होते, "मॅडम, सापडलात का?" मी कपडे वाळत घालायच्या तारांमागे जाऊन रडत होते. तू हात पुसत आलीस. "रडतेस कशाला? त्या म्यानेजरला तरी कुठं येतंय धड इंग्लिश? बस हितं. मी शिकवते."

मला वाटलं थट्टा करतेस. भांडी घासणारी बाई इंग्रजी शिकवणार! तेव्हा कळलं, तू घाटावर, पार ठाकुरवाडीच्याही वर, एका बोर्डिंग शाळेत बावीस वर्षं आया होतीस. तिथल्या हरवल्या-सापडल्याच्या कपाटाची किल्ली तुझ्या कमरेला असायची. मोजे, रुमाल, चष्मे, दातांच्या तारा, एका पायातले बूट. तुझं सगळं इंग्रजी त्या कपाटातून आलेलं. पुस्तकातलं एक अक्षर नाही.

"बग," तू म्हणालीस. "लॉस्ट बोलायचं तर हरवणाऱ्याचं नाव आधी लागतं. आय लॉस्ट माय सॉक. कुणी हरवला? मी. चूक कुणाची? माझी. नि मिसिंग बोलायचं तर मोजा आधी येतो. माय सॉक इज मिसिंग. आता सांग, कुणी हरवला?"

"कुणीच नाही."

"मंग मॅडमनं वरडायचं कुणाला?"

मी डोळे पुसले.

"आयेला! हुशार पोरं कधी लॉस्ट बोलायची नाय. सहा वर्साचं पोरगं, शेंबूड पुसायची अक्कल नाय, पण मिसिंग बोलायची अक्कल होती."

मी ते सगळं वहीत उतरून घेतलं. ती वही अजून आहे. लॉस्ट म्हणजे लूजचा भूतकाळ. वस्तूच्या आधीही लावता येतो, लॉस्ट मोजा, लॉस्ट चष्मा. पण आय ॲम लॉस्ट म्हटलं की मीच वाट चुकले, म्हणून साहेबांना हसायला मिळालं. मिसिंगच्या आधी इज नाहीतर आर पाहिजे. टू टॉवेल्स आर मिसिंग. तिथे 'मी' येतच नाही. मी तुला म्हणाले, मराठीत बरं आहे, 'टॉवेल हरवला' म्हटलं की दोन्ही भागतं. तू म्हणालीस, "भागतं कुठं? मराठीत शब्द नाय बोलत, डोळे बोलतात. 'टॉवेल हरवला' बोलायचं नि बग कुणाकडं बगतात ते."

मी हट्टाला पेटले होते. विचारलं, मग त्या कपाटावर लॉस्ट अँड फाउंड का लिहितात, मिसिंग अँड फाउंड का नाही? तू घासलेलं पातेलं पालथं घातलंस. मग म्हणालीस, "सापडल्यावर कुणावर आळ घ्यायचा नसतो ना, म्हणून."

सातवी सुटल्यापासून मला कुणी काही शिकवलं नव्हतं, मावशी. काम सांगितलं होतं, शिकवलं नव्हतं.

त्याच कपाटाच्या जोरावर तू मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचीस. ताटातला गुंडाळलेला कागद आधी दाबून बघायचा, मगच टाकायचा. "पोरं जेवताना दातांच्या तारा काढतात नि कागदात गुंडाळून ठेवतात. मोठी माणसंबी तसलीच. कडक लागलं तर उघडून बग." मी हो म्हणायचे.

एक वाद आपला अर्धाच राहिला. एक पाहुणा फोनवर सांगत होता, 'वी लॉस्ट डॅड.' मी तुला विचारलं, माणूस मेलं की इंग्रजीत हरवलं म्हणतात का? तू एवढी चिडलीस! "हरवायला मी काय छत्री हाय? माझ्याबद्दल असं कुणी बोललं ना, तर उठून बसेन बग." मग मी 'आय मिस यू' काढलं. आपल्याकडे आठवण येते, आपल्याला काही करावं लागत नाही. इंग्रजीत मात्र ते आपण करायचं असतं, आय आधी लागतो. तू म्हणालीस, "मंग बरंय की. आपल्याकडं आठवण पावण्यासारखी येते नि चा पिऊन जाते. तिकडं निदान तिला कामाला तरी लावतात." मी म्हणाले, पण बस चुकली तरी तेच मिस म्हणतात, मग माणसाची किंमत बसएवढीच का? तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस आणि साहेबांनी हाक मारली. ते उत्तर मला कधी मिळालं नाही. तुझ्याकडे काहीतरी होतं, तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आता तो रविवार.

जुलैचे दिवस. रिसॉर्ट भरलेलं, त्यामुळे चादरीवाल्या आम्हा बायकांनाही टेबलं उचलायला लावलं होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर आई आणि कॉलेजातली मुलगी. त्या उठून हात धुवायला गेल्या. मी ताटं एकात एक घातली. एका ताटात रश्श्यानं भिजलेला कागद होता, घडी घातलेला. मी दाबला. कडक लागलं. बोटांना काहीतरी ओलं, चिकट लागलं. वाटलं चघळलेलं हाड असेल, थुंकलेलं असेल. इतकी किळस आली की उघडून बघायचं सोड, मी तो हातातसुद्धा धरू शकले नाही. मागे नेऊन ताटासकट ड्रमावर उपडा केला. तू तिथेच घासायला बसली होतीस. मान वर करून माझ्याकडे बघितलंस. एवढंच.

दहा मिनिटांत आरडाओरडा सुरू. दात सरळ करायला लावतात ती पारदर्शक क्लिप होती. ती आई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "इट्स मिसिंग! राइट फ्रॉम द टेबल!" मुलगी बिचारी हळूच म्हणाली, "मम्मा, आय लॉस्ट इट, आय थिंक." आई तिच्यावरच उखडली, "यू डिडन्ट लूज इट. इट्स मिसिंग!" मी भिंतीला पाठ लावून उभी होते. तू बोर्डिंगचं जे जे सांगितलं होतंस ते माझ्यासमोर उभं राहून ओरडत होतं, फक्त सोन्याच्या बांगड्या घालून.

साहेबांनी विचारलं, "ते टेबल कुणी उचललं?"

कुणी बोललं नाही. मी बोलले नाही.

मग आम्हा चौघी बायकांच्या पिशव्या आणवल्या. हॉलच्या दारात, पाहुण्यांच्या देखत, एकेक पिशवी टेबलावर उलटी केली. माझ्या पिशवीतून लेकीचा फोटो पडला, अर्धी बिस्किटं, डोकेदुखीच्या गोळ्या, आणि महिन्याच्या दिवसांसाठी ठेवलेल्या घड्या. एक वेटर दुसरीकडे बघायला लागला, दुसरा बघतच राहिला. मला सांग मावशी, कुणाच्या तोंडातली थुंकी लागलेली दातांची क्लिप चोरून मी काय करणार होते? हिंगोलीला कुणाला घालणार होते? पण त्या बाईला हे विचारावंसं वाटलं नाही आणि साहेबांनाही नाही. अशी शिसारी आली मला त्या लोकांची, आणि त्यांच्यापेक्षा जास्त माझी. कारण एका वाक्यात हे थांबवता येत होतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडात होतं.

तू आलीस. ओले हात, साडी खोचलेली. "ब्यागा कशाला उलट्या करता? ड्रममधी बगा."

साहेब म्हणाले, "ड्रममध्ये कोण बघणार?"

"तुमी नाय, ते दिसतंयच."

तू मागे ड्रमापाशी गेलीस, सगळे मागोमाग आले; तू बांगड्या वर सारल्यास आणि हात घातलास. आधी मनगट, मग कोपर, मग खांदा. गाल ड्रमाच्या काठाला टेकलेला. आतून गच्च गच्च आवाज येत होता. साहेब नाकाला रुमाल लावून चार पावलं मागे. ती आई "ईई, ओ गॉड" म्हणत तोंड फिरवून उभी. एका पाहुण्यानं मोबाइल काढला. तुझ्या पदरावर खरकटं पाणी सांडत होतं, माश्या तुझ्या केसांवर बसत होत्या, आणि तू डोळे मिटून नुसत्या बोटांनी शोधत होतीस. किती वेळ गेला माहीत नाही. एकदा हाड निघालं, एकदा बाटलीचं बूच. मग तू थांबलीस. "हाय," म्हणालीस आणि हात बाहेर काढलास.

क्लिप तू नळाखाली धुतलीस, साबण लावून, गरम पाणी मागवून. दोन बोटांत धरून त्या बाईसमोर केलीस. आणि तिनं काय करावं? "आता हे कोण तोंडात घालणार? डिस्गस्टिंग!" म्हणून चिमटीत कागद धरून त्या कागदानं ती उचलली आणि शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. स्वतः टाकली! तीच वस्तू, जिच्यासाठी आमच्या पिशव्या उलट्या केल्या. मग वळून म्हणाली, "पण टाकली कुणी, ते मला कळलं पाहिजे."

"मी," तू म्हणालीस. "माझ्या हातनं गेली."

साहेबांना तेवढंच हवं होतं. वही आली, पेन आलं.

त्यानंतर मागच्या नळावर मी तुझ्या हातावर पाणी ओतत होते. तू भांड्याच्या काथ्यानं स्वतःची कातडी घासत होतीस, लाल होईपर्यंत. वास जात नव्हता. मी तोंड उघडलं. तू वर न बघता विचारलंस, "तुझी पोर पुढच्या वर्साला कितवीत?"

"पाचवीत."

"मंग गप ऱ्हा."

आणि मी राहिले. राहिलेच. चार दिवसांनी तुला सांगितलं की आता येऊ नका. तू म्हणालीस, "बरं झालं, लावणीला माणसं मिळतच नव्हती," आणि डबा घेऊन निघालीस. फाटकापर्यंत मी सोबत आले. खरं सांगू? तुझी रिक्षा वळणाआड गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. माझं काम राहिलं होतं, माझ्यावर आळ नव्हता. त्या सुटल्यासारख्या वाटण्याची मला जेवढी किळस येते, तेवढी त्या ड्रमाची कधी आली नाही.

तुझं 'गप ऱ्हा' त्या दिवसापुरतं होतं की कायमचं, हे मी विचारायला हवं होतं. दहिवली काही लांब नाही. तुझं भात लावून झालं, पिकलं, कापून झालं, तरी मी आले नाही. आले ती एकदम तू झाकलेली असताना.

इथे तुला श्रद्धांजली वाहिली, ते सांगते, म्हणजे तुलाही चीड येऊ दे. नाश्त्याच्या आधी लॉनवर सगळ्यांना उभं केलं. तुझ्या जुन्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला. हार होता तो आदल्या दिवशीच्या साखरपुड्याच्या स्टेजवरून उतरवलेल्या फुलांचा. त्यात चमकी तशीच. एका शेवंतीला केकची क्रीम लागली होती आणि तिच्यावरून मुंग्या तुझ्या कपाळावर उतरत होत्या. मी पुढे होऊन पुसल्या. साहेब म्हणाले, "बाजूला हो, फोटो काढायचा आहे." दुपारी ग्रुपवर तो फोटो आला. खाली 'वी लॉस्ट अ जेम' आणि जोडलेले हात. वाटलं, आता तू खरंच उठून बसणार. हरवली म्हणे! हरवली नाही साहेब, तुम्ही काढलीत.

परवा तुझी सून रेश्मा आली होती. तुझा मुलगा रसायनीच्या कंपनीत ठेक्यावर होता, ठेका बदलला तसा घरी बसलाय, हे तिनं दारातच सांगून टाकलं. "आईंच्या जागेवर मला घ्या. मी भांडी घाशीन, काय बोलाल ते करीन." मी ऑफिसात फरशी पुसत होते. साहेबांनी कपाटातून वही काढली, पान उलटलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे बघा, तुमच्या सासूबाईंच्या नावापुढे शेरा आहे. पाहुण्यांच्या वस्तूचं प्रकरण. असं रेकॉर्ड असलं की मालक त्या घरातलं माणूस घेत नाहीत."

रेश्माला इंग्रजी वाचता येत नाही. ती त्या पानाकडे नुसती बघत राहिली. "साहेब, आई कुणाच्या सुतळीलाबी हात लावायच्या नाय."

मला वाचता येतं. वाचलेलं कळतं ते तू शिकवलंस म्हणून. तिथे लिहिलं होतं, 'गेस्ट आर्टिकल मिसिंग. स्टाफ: विमल.' मिसिंग! तू खांद्यापर्यंत हात घालून काढलीस, धुतलीस, मालकिणीच्या पुढ्यात धरलीस, आणि वहीत ती अजून मिसिंग. सापडल्याचं कुठे अक्षर नाही. वाचणाऱ्याला वाटावं, ही बाई वस्तू घेऊनच गेली. माझ्या हातातलं फडकं गळत होतं. तेव्हाही मी बोलले नाही, मावशी. तेव्हाही नाही.

जाताना रेश्मा माझ्यापाशी थांबली. पिशवीतून पोह्यांची पुडी काढली. "नव्या भाताचे हायेत, ताई. आई बोलून गेल्यात, हिंगोलीला द्या." मी पुडी घेतली. खोलीवर नेऊन ठेवली. उघडवली नाही.

आज सकाळी हजेरीला मी हात वर केला. "साहेब, एक सांगायचं आहे."

"रजा सोडून काहीही सांग." सगळे हसले.

"त्या क्लिपचा कागद मी टाकला होता. विमलमावशीनं नाही."

कुणी हसलं नाही. शेजारची माझा पदर ओढायला लागली, "अगं गप, गप." साहेब भुवया ताणून म्हणाले, "कुठली क्लिप?"

विसरले होते! परवाच ते पान काढून रेश्माला दाखवलं, पण क्लिप कसली ते विसरले होते. तुझं काम गेलं, तुझ्या सुनेच्या तोंडावर दार लावलं, आणि ज्यावरून लावलं ते आठवतसुद्धा नव्हतं.

"दातांची, साहेब. जुलैमधली."

"अच्छा, ती. अगं, माणूस गेलं. आता कशाला घाण उकरतेस?"

"उकरली मावशीनं. तुम्ही रुमाल लावून बघत होता."

कशी बोलले मला कळत नाही. जीभ थांबलीच नाही. म्हणाले, "तिचं नाव खोडा, माझं लिहा. आणि वस्तू त्याच दिवशी सापडली होती, तेही लिहा. रेश्माला बोलवा."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "वहीत खाडाखोड चालत नाही. उद्या मालक येतात, त्यांना विचारू. पण मग तुझं काय होईल, ते मी सांगू शकत नाही."

"बरं," म्हणाले.

नंतर सहा खोल्या केल्या. एकाही उशीला अभ्रा नीट चढला नाही. दुपारी गावी फोन लावला. आई घाबरली. "तुला कोणी विचारलं होतं का?" नाही म्हणाले. "मग काढलं तर काय करशील? तिथं तुझं कोण आहे, माय?" एक होतं, असं म्हणणार होते, तर लेकीनं फोन ओढून घेतला आणि तिच्या शाळेतलं काहीतरी सांगायला लागली. मी ऐकत राहिले.

उद्या मालक काय म्हणतील मला माहीत नाही. भीती वाटते. घाईघाईत लिहितेय, तू असतीस तर "मेली ती कोंबडीची अक्षरं" म्हणाली असतीस. तू गप राहायला सांगितलं होतंस, ते मी मोडलं. रागावायचं तर रागव. पण माझ्या लेकीसाठी तू स्वतःचं नाव घाण करून घेतलंस, आणि त्या नावाखाली आता तुझी सून उभी आहे. तुझा शब्द पाळायचा तर तिचं दार बंद ठेवावं लागतं. ते मला जमलं नाही.

मला ठेवलं, तर रोजच्या हजेरीला मी हात वर करीन, ते पान बदलेपर्यंत, सगळे कंटाळले तरी. मला काढलं, तर दहिवलीला येईन, रेश्माला बरोबर घेईन, आणि कर्जतपासून खालापूरपर्यंत जितकी म्हणून फार्महाऊसं आहेत त्यांच्या फाटकांवर आम्ही दोघी उभ्या राहू. ही कुणाची सून आहे आणि ती बाई कशी होती, ते प्रत्येक फाटकावर माझ्या तोंडानं सांगीन. किती दिवस लागतील, किती वर्षं, ठाऊक नाही. पण मावशी, तुझं हे मी फेडीन.